विद्यापीठ सोडण्याआधी परतीची वाट बांधून ठेवा



पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण घरात कोणी बी.कॉम.ला असेल आणि "हे सोडतो, दुसऱ्या विद्यापीठात जातो" म्हणत असेल, तर पैसे भरण्याआधी वाचा.

मागच्या रविवारी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून मायलेकी माझ्याकडे आल्या. मी महाडच्या बाजारपेठेत हिशेबाची आणि टॅक्सची कामं करतो, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मुलीचे वडील टेम्पो चालवतात, त्यांचे कागद माझ्याकडे असतात. मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला. पहिल्या वर्षाला एकसष्ट टक्के. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. हातात घाटावरच्या एका खाजगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक. काचेची इमारत, हसरी मुलं आणि खाली मोठ्या अक्षरात "शंभर टक्के प्लेसमेंट".

"काका, मला इथलं सोडून तिकडं अकाउंटिंगला जायचंय. पुढं सीए व्हायचंय. तुम्ही फक्त आईला समजावा."

आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाऊ, हिचे पप्पा घराखालचा तुकडा गहाण टाकायला निघालेत. टाकू का नको, एवढंच सांगा. तुम्ही सांगाल ते करू."

मंडळी, असा प्रश्न आला की अंगावर काटा येतो. हो म्हणावं तर जमीन जाते, नाही म्हणावं तर पोरीचं पंख छाटल्याचं पाप. मी म्हटलं, "मला चार दिवस द्या." त्या चार दिवसांत जे डोक्यात आलं ते इथं मांडतोय. त्यात आपल्या गावाचा इतिहास आहे आणि माझी स्वतःची एक चूक पण आहे.

आधी इतिहास.

आपल्याकडं एक गैरसमज आहे की हिशेब, अकाउंट्स, ऑडिट हे सगळं मुंबई-पुण्याचं, आपण फक्त भात आणि नाचणीवाले. अहो, आपल्या डोक्यावर रायगड उभा आहे. १६७४ साली तिथं राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणाऱ्या प्रधानाला अमात्य हे नाव मिळालं. त्याआधी त्याच पदाला मुजुमदार म्हणत. आपल्या आडनावांकडं बघा: फडणीस, पोतनीस, चिटणीस, कुलकर्णी. सगळी दप्तराची आणि हिशेबाची कामं. कीर्द, खतावणी, जमाखर्च, ताळेबंद हे शब्द आपल्याला कोणा युनिव्हर्सिटीनं दिले नाहीत, ते फडावर तयार झाले.

या फडावरचा सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे नाना फडणवीस. पेशव्यांचं हिशेबाचं दप्तर सांभाळता सांभाळता सगळा कारभार त्यांच्या हातात आला. सवाई माधवराव गेल्यावर पुण्यातलं राजकारण उलटलं आणि १७९६ साली नानांना पुणं सोडावं लागलं. तेव्हा ते येऊन राहिले कुठं? आपल्या महाडला. इथं बसूनच त्यांनी पुन्हा सगळी जुळवाजुळव केली. इतिहासात "महाडचा तह" म्हणतात तो त्याच वर्षीचा. वर्ष संपायच्या आत नाना पुण्याच्या कारभारात परत हजर.

नानांचं राजकारण चांगलं का वाईट हा वाद वेगळा. मला त्यातून एकच गोष्ट घ्यायची आहे. माणूस जागा सोडून आला, पण दोर कापून आला नाही. परत जायची वाट त्यानं बांधून ठेवली होती. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता एकदम १९१३ साल. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. एक, कंपनी कायदा आला आणि कंपन्यांचे हिशेब पात्र हिशेब-तपासनिसाकडून तपासून घेणं आलं. दोन, मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं, कॉमर्स शिकवणारं आशियातलं पहिलं कॉलेज म्हणून ते ओळखलं जातं. तीन, भीमराव आंबेडकर नावाचा मुंबईचा बी.ए. झालेला तरुण बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला.

पाच वर्षांनी, १९१८ साली, मुंबई सरकारनं हिशेबनिसांसाठी एक डिप्लोमा सुरू केला. परीक्षा द्यायची आणि मान्यताप्राप्त हिशेब-तपासनिसाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची, मग ऑडिट करायचा पुरा परवाना. १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तीही याच पायावर. परीक्षा आणि उमेदवारी. आजही सीएचा सांगाडा तोच आहे. उमेदवारीला आपण आता आर्टिकलशिप म्हणतो. ती बरीच वर्षं तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या रचनेत दोन वर्षांची झाली.

हे सांगायचं कारण असं की शंभर वर्षांत या धंद्यात विद्यापीठाचं नाव हा मुख्य खांब कधीच नव्हता. इंजिनीअरला कॉलेजचं नाव लागतं, मॅनेजमेंटवाल्याला तर लागतंच लागतं. पण सीएची परीक्षा संपूर्ण देशाला एकच. पेपर तपासणाऱ्याला तुझं कॉलेज पोलादपूरचं का पुण्याचं, हे दिसत नाही. डिग्रीचा उपयोग तिथं एवढाच की कॉमर्सच्या पदवीला पंचावन्न टक्के असतील तर फाउंडेशनची परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येतं. पंचावन्न टक्के कुठल्या विद्यापीठाचे, हा प्रश्न तिथं नाही. विद्यापीठ मान्यताप्राप्त पाहिजे, बस.

म्हणजे विद्यापीठ बदलूच नये का? तसं अजिबात नाही. बदलावं, पण कसं बदलावं हे शिकायला त्या १९१३ च्या तरुणाकडंच परत जाऊ.

बाबासाहेब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं चवदार तळं येतं, आणि ते बरोबरच आहे. पण विद्यार्थी म्हणून बाबासाहेबांनी किती विद्यापीठं बदलली आणि कशी, याकडं आपण फारसं बघत नाही. मुंबईहून कोलंबिया. तिथून १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. तिथं वर्ष होतं न होतं तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान वेगळ्या जहाजानं येत होतं, ते जहाज पाणतीरानं बुडालं. पुस्तकं गेली. नोकरीसाठी बडोद्याला गेले तर राहायला जागा मिळेना, काय अपमान झाला तो सगळ्यांना माहीत आहे.

दुसरा कोणी असता तर लंडनचा विषय तिथंच संपला असता. पण निघण्याआधी त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढं चालू ठेवायची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेतली होती. त्या परवानगीच्या जोरावर, मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं, शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. विषय काय तर रुपयाचा प्रश्न. म्हणजे पैशाचा आणि चलनाचाच.

आणि आता जे सांगतो ते मला स्वतःला कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात बाबासाहेब मुंबईत बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. अर्धवेळ. समोर बसणारी पोरं अकाउंटन्सीची. आता तारखा जुळवा. महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह कधीचा? १९ आणि २० मार्च १९२७. म्हणजे ज्या माणसानं आपल्या गावात येऊन त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो माणूस त्याच काळात मुंबईत हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या पोरांना शिकवत होता. आपण तळ्यावर दरवर्षी जातो, हार घालतो. पण आपल्या गावातल्या बी.कॉम.च्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगत नाही. सांगायला पाहिजे.

दुसरा माणूस आपल्या तालुक्याचाच. नाते गाव सगळ्यांना माहीत आहे, रायगडाच्या वाटेवरचं. चिंतामणराव देशमुखांचा जन्म तिथला, १८९६ चा. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. बँक, रुपया, बजेट सगळं हाताळलेला माणूस. आता सांगा, केंब्रिजला त्यांनी शिकलं काय? निसर्गविज्ञान. वनस्पतिशास्त्र. डिग्री झाडापानांची आणि नोटेवर सही यांची.

याचा अर्थ कोणीही काहीही शिकावं असा नाही. आयसीएसच्या परीक्षेत पहिला येणारा माणूस होता तो, आपली सगळ्यांची गोष्ट तशी नसते. पण डिग्रीवर लिहिलेल्या नावात सगळं भविष्य बंद होऊन बसत नाही, एवढं तरी त्यातून कळतं. आणि अजून एक गंमत. राजीनाम्यानंतर देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. यूजीसी म्हणतो ना आपण, तीच. आज कुठलंही विद्यापीठ खरं का खोटं हे बघायला आपण यूजीसीची यादी उघडतो. त्या खुर्चीवर नात्याचा माणूस बसून गेलाय. मग महाडच्या पोरांनी तरी ती यादी न बघता पैसे भरू नयेत!

आता आपल्या इथल्या शिक्षणाकडं येतो.

आपल्या आजोबांच्या पिढीला मॅट्रिकनंतर कॉलेज म्हणजे मुंबई नाहीतर पुणं. खोली भाड्यानं घ्यायची, नाहीतर गाववाल्यांच्या खोलीत दहाजणांत एक कोपरा. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, त्याच संस्थेचं सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज १९५३ चं. आणि १९६१ साली त्याच संस्थेनं आपल्या महाडला कॉलेज काढलं. सत्याग्रहाला चौतीस वर्षं झाली होती. पाण्याचा हक्क आधी, कॉलेज नंतर. आज पोलादपुरातही कॉमर्सचं कॉलेज आहे. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं विद्यापीठ आहे, पण ते तंत्रज्ञानाचं. कॉमर्सच्या पदवीसाठी आपण मुंबई विद्यापीठाखाली येतो.

आणि इथंच भूगोल आडवा येतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलं की चाळीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर, तिथं हद्द लागते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. महाडहून वरंधा घाट चढून भोरला गेलं की पुणे विद्यापीठ. आणि आपलं मुंबई विद्यापीठ पावणेदोनशे किलोमीटरवर. म्हणजे आपण तीन विद्यापीठांच्या वेशीवर राहणारी माणसं. नातेवाईक घाटावर, कॉलेज खाली. त्यामुळं "मामाकडं राहून तिकडंच शिक" हे आपल्याकडं सहज बोललं जातं. बोलणाऱ्याला वाटतं, घाट चढला की झालं. प्रत्यक्षात घाट चढला की विद्यापीठ बदलतं, अभ्यासक्रम बदलतो, नियम बदलतात.

हे मला माहीत आहे, कारण मी हा घाट चढलोय आणि तोंडावर पडलोय.

१९९४ ची गोष्ट. मी मुंबईला बी.कॉम.ला होतो. एफ.वाय. पास झालो, एस.वाय.ला असताना वडील गेले. घरी आई आणि दोन बहिणी. मी सामान उचललं आणि वीर स्टेशनला उतरलो. स्टेशन तेव्हा नवंकोरं होतं. कॉलेजात कोणाला सांगितलं नाही, अर्ज दिला नाही, दाखला घेतला नाही. वाटलं, काय करायचाय दाखला? सात-आठ महिन्यांनी थोरल्या चुलतभावानं त्याच्याकडं घाटावर बोलावलं, म्हणाला इथं प्रवेश घे, नोकरी पण बघू. गेलो. तिथल्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "मायग्रेशन?" मला तो शब्द माहीत नव्हता.

एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचं तर जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. मग नवीन विद्यापीठ पात्रता तपासतं, म्हणजे तुमचे आधीचे विषय आणि त्यांचे विषय जुळतात का ते बघतं. माझे दोन विषय जुळले नाहीत. मायग्रेशन आणायला तीन चकरा झाल्या. तोवर मुदत गेली. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या वर्षापासून बसायला सांगितलं. मी चिडलो आणि सगळंच सोडलं. पुढं नोकरी करत करत बाहेरून पदवी पूर्ण केली तेव्हा वय अठ्ठावीस. लग्न झालेलं, एक मूल. उमेदवारीच्या तुटपुंज्या पैशात घर चालण्यासारखं नव्हतं. सीएचं राहिलं ते राहिलंच.

दोष मी त्या खिडकीला देत नाही. तिनं नियम सांगितला. चूक माझी, मी दोर कापून निघालो होतो. निघायच्या दिवशी कॉलेजात एक अर्ज दिला असता, कागद घेतले असते, तर तीन-चार वर्षं वाचली असती. आज माझ्या बोर्डावर नावापुढं दोन अक्षरं नाहीत, ती त्या एका न दिलेल्या अर्जापायी.

कागदाची किंमत महाडकरांना वेगळी सांगायला नको. २२ जुलै २०२१ आठवतोय ना? तळीयेवर डोंगर आला ती संध्याकाळ. इकडं बाजारपेठेत पाणी. माझ्या ऑफिसात छताला हात लागेल एवढं पाणी चढलं होतं. चार दिवसांनी शटर उघडलं तर कीर्द-खतावण्यांचा चिखल. त्यात गिऱ्हाइकांच्या पोरांच्या मार्कशीटा होत्या, शिष्यवृत्तीच्या कामाला दिलेल्या. आम्ही त्या गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवल्या. काही वाचल्या, काहींची शाई गेली. दुय्यम प्रतीसाठी पोरांनी केलेली धावपळ मी बघितली आहे.

योगायोग बघा. त्याच जुलै महिन्यात यूजीसीनं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. बँकेत पैसे जमा होतात तसे तुम्ही पास केलेल्या विषयांचे क्रेडिट्स तुमच्या खात्यात जमा. विद्यापीठ बदललं तर ते क्रेडिट्स सोबत नेता यावेत, हा त्यामागचा विचार. मी १९९४ ला जो कागद आणायला तीन चकरा मारल्या, त्याचा अर्धा प्रश्न मोबाइलवर सुटण्याची सोय. पण मंडळी, पासबुकात एंट्री झाली तरच पैसे आपले. क्रेडिट्सचंही तसंच. आयडी काढलाय पण खात्यात काहीच चढलेलं नाही, अशी मुलं माझ्याकडं येतात. आणि क्रेडिट्स जमा असले तरी समोरच्या विद्यापीठानं ते कशाकशासाठी धरायचे, हा निर्णय त्यांचाच असतो. बँकेत पैसे आहेत म्हणून दुकानदार हवी ती वस्तू देईलच असं नाही, तसंच.

चार दिवसांनी मायलेकी परत आल्या. मी मुलीला एक वही दिली आणि म्हटलं, डाव्या बाजूला लिही तू काय सोडतेस, उजव्या बाजूला लिही तुला काय मिळतंय. जमा-नावे. तुझ्याच विषयाचं आहे. वहीत जे उतरलं ते थोडक्यात देतो, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

पहिलं, विद्यापीठ का सोडायचंय? तिनं बराच वेळ घेतला. खरं कारण निघालं ते एस.टी. पावसाळ्यात घाटातली दरड आणि संध्याकाळची गाडी चुकली तर आईचा जीव टांगणीला. म्हणजे अडचण विद्यापीठाची नव्हती, प्रवासाची होती. प्रवासाची अडचण जमीन गहाण टाकून सोडवायची नसते, खोली बघून सोडवायची असते.

दुसरं, पुढं काय व्हायचंय? सीए. मग पंचावन्न टक्के आणि उमेदवारीची जागा, या दोन गोष्टींना किंमत. काचेच्या इमारतीला नाही. उमेदवारीसाठी मोठी ऑफिसं कुठं आहेत तर मुंबई, नवी मुंबई, पनवेल, पुणे. चार-पाच महाडलाही मिळतील, पण कामाचा आवाका वेगळा.

तिसरं, विद्यापीठ न बदलता कॉलेज बदलता येतं का? येतं. पनवेल मुंबई विद्यापीठातच येतं. तिथल्या कॉलेजात जागा असेल तर जुन्या कॉलेजचा दाखला आणि ना-हरकत घेऊन जाता येतं, मायग्रेशनचा प्रश्न येत नाही, विषयही बरेचसे जुळतात. बहुतेक पोरांना हा फरकच माहीत नसतो. "कॉलेज बदलणं" आणि "विद्यापीठ बदलणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात जिना चढायचा असतो, दुसऱ्यात घाट.

चौथं, "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणजे काय? मी तिला म्हटलं, फोन लाव आणि तीन प्रश्न विचार. अकाउंट्सची किती मुलं लागली, कुठल्या कामावर लागली, पगार किती. तिनं माझ्यासमोर फोन लावला. समोरची व्यक्ती गोड बोलली, व्हॉट्सॲपवर पाठवते म्हणाली. आजपर्यंत आलेलं नाही.

पाचवं, शिष्यवृत्ती. मध्येच जागा बदलली तर अर्जाचं नूतनीकरण अडकू शकतं. सोडण्याआधी दोन्हीकडच्या ऑफिसात विचारायचं, जमलं तर लेखी घ्यायचं.

सहावं, सीए झालं नाही तर? हे विचारताना मला जड गेलं, पण विचारलं. प्रत्येकजण होत नाही, मीच समोर बसलोय. पण या विषयात रिकाम्या हातानं कोणी परतत नाही. महाडच्या एमआयडीसीत कंपन्या आहेत, पतसंस्था आहेत, बँका आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून छोट्या दुकानदारालाही महिन्याचा हिशेब वेळेत लागतो. टॅली येणारी, जीएसटीचं रिटर्न बिनचूक भरणारी पोरगी आपल्या तालुक्यात बेकार बसत नाही. कॉस्ट अकाउंटंटची, म्हणजे सीएमएची वाट आहे, कारखान्यांना ती माणसं लागतात. स्पर्धा परीक्षेतून सरकारी लेखा विभागाची वाट आहे. या सगळ्याला साधी, मान्यताप्राप्त, चांगल्या टक्क्यांची बी.कॉम. पुरते.

वही भरल्यावर मुलीनं स्वतःच सांगितलं, "काका, सेमिस्टर चार इथंच करते. टक्के वाढवते. टी.वाय.ला पनवेलला बघते, मावशी तिकडंच आहे. तोवर दाखला, क्रेडिट्स सगळं नीट करून ठेवते." आई काही बोलली नाही. तिनं पिशवीतून सातबारा काढून माझ्या टेबलावर ठेवला होता, तो घडी घालून परत पिशवीत टाकला. मला तेवढ्यात सगळं मिळालं.

आता दोन शब्द जाहीरपणे.

आपल्या पोरांना अक्कल कमी नाही, माहिती कमी मिळते. प्रवेशाच्या दिवसांत महाड आणि पोलादपूरला एकेक टेबल टाकून बसायला काय हरकत आहे? त्या टेबलावर तीनच गोष्टी सांगायच्या: यूजीसीची यादी कशी बघायची, क्रेडिट खात्यात काय जमा आहे ते कसं तपासायचं, आणि निघताना कुठले कागद घ्यायचे. मंडळं आहेत, माजी विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत. मी माझ्याकडून दर रविवारी सकाळी दोन तास द्यायला तयार आहे, फुकट. आणि लोकप्रतिनिधींना एकच विनंती, मुलींच्या वसतिगृहाचा विषय आणि कॉलेज सुटल्यावरच्या एस.टी.चा विषय धरून लावा. निम्म्या पोरी विद्यापीठाला कंटाळून कॉलेज सोडत नाहीत, शेवटची गाडी चुकते म्हणून सोडतात.

पोरांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. जा. नक्की जा. आपल्या खोऱ्यातला माणूस बाहेर पडूनच मोठा झालाय. पण निघताना दार ओढून घ्या, तोडून जाऊ नका. ज्या माणसाची पुस्तकं समुद्रात बुडाली त्याच्याकडं परत यायची परवानगी होती, म्हणून तो परत गेला आणि पदवी घेऊन आला. माझ्याकडं नव्हती.

कोणाचा असा अनुभव असेल तर खाली लिहा. कोणाच्या घरात जमीन गहाण टाकायचं चाललं असेल तर लिहू नका, सरळ ऑफिसला या. चहा माझ्याकडून.